७५-३०० घ्यावी की ५५-२५०? साताऱ्याहून आलेल्या प्रश्नाचं उत्तर

तुमचा प्रश्न असा आहे. कॅनन १५००डी आहे, सोबत आलेली १८-५५ लेन्स आहे आणि हातात पंधरा हजार रुपये आहेत. थंडीत मायणीला जाऊन रोहित पक्षी टिपायचेत, गावच्या बैलगाडी शर्यतीचे फोटो काढायचेत आणि जानेवारीत धाकट्या बहिणीचं गॅदरिंग आहे. साताऱ्यातला दुकानदार नवीन ७५-३०० देतोय. ओळखीतल्या एका माणसाकडं वापरलेली ५५-२५० एसटीएम (म्हणजे शांत चालणाऱ्या फोकस मोटरची) आहे. दोन्ही बजेटात बसतात. तुमचं मन ३०० कडं झुकलंय, कारण आकडा मोठा, वस्तू नवी आणि वर वॉरंटी.

माझं उत्तर आधी देतो, कारणं मागून सांगतो. वापरलेली ५५-२५० एसटीएम नीट तपासा आणि तपासणीत पास झाली तर तीच घ्या. नापास झाली तर थांबा, दुसरी ५५-२५० शोधा. नाइलाज म्हणून ७५-३०० कडं वळू नका.

सांगलीत माझा छोटा स्टुडिओ आहे. बावीस वर्षं लग्नं, मुंजी, शाळांची गॅदरिंगं आणि कुस्तीची मैदानं करतोय. सवड मिळाली की सकाळी कृष्णेच्या काठावर पक्ष्यांसाठी जातो. माझी पहिली टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स ३०० मिलिमीटरचीच होती, स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) नसलेली. ती घेऊन डिसेंबरात पहाटेच मायणी गाठली आणि सकाळभरात दोनशेच्या वर फोटो काढले. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर सगळे छान दिसत होते. घरी येऊन कॉम्प्युटरवर लावले, तर बगळ्याच्या चोचीला दोन कडा, पाण्याच्या रेघा पसरलेल्या. दोनशेतले जेमतेम दहा ठेवण्यासारखे निघाले. लेन्सच खराब निघाली असं वाटलं. दुसऱ्या दिवशी तीच लेन्स ट्रायपॉडवर लावली आणि गच्चीवरून समोरच्या पाण्याच्या टाकीचा फोटो घेतला. टाकीवरची अक्षरं चक्क वाचता आली. म्हणजे दोष काचेत नव्हता, हात हलत होता. तेव्हापासून कुणीही टेलिफोटोबद्दल विचारलं की मी आधी मिलिमीटर बघत नाही, स्टॅबिलायझर आहे का ते बघतो.

हे असं का होतं ते समजून घ्या. लांबची वस्तू जवळ आणणारी लेन्स हाताची थरथरही तेवढीच मोठी करून दाखवते. जुना ठोकताळा असा की लेन्स जेवढ्या मिलिमीटरची, निदान तेवढा शटर स्पीड हवा. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे, त्यामुळं त्या आकड्याला १.६ ने गुणायचं. २५० ला ४००, ३०० ला ४८०. म्हणजे स्टॅबिलायझर नसेल तर ३०० वर १/५०० च्या खाली हातानं फोटो काढू नये. या स्वस्त झूम लेन्सचं तोंड लांबच्या टोकाला एफ/५.६ एवढंच उघडतं (हा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं). सकाळी सात वाजता तळ्याकाठी किंवा ढगाळ दिवशी कासच्या रस्त्यावर एफ/५.६ वर १/५०० मिळवायचा तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता, १६००, ३२०० वर न्यावा लागतो आणि फोटोत दाणे येतात.

५५-२५० एसटीएममध्ये स्टॅबिलायझर आहे, नवीन ७५-३०० मध्ये नाही. कंपनी साडेतीन स्टॉपचा फायदा सांगते (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). मी कामात दोनच धरतो, कारण दिवसभर उभं राहिल्यावर हात सकाळइतके स्थिर राहत नाहीत. दोन स्टॉप धरले तरी १/४०० ऐवजी १/१०० वर काम होतं, म्हणजे आयएसओ १६०० च्या जागी ४०० पुरतो. बसलेला पक्षी, कड्यावरचं देऊळ, सज्जनगडावरून दिसणारं उरमोडीचं पाणी, अशा स्थिर विषयांत हा फरक फोटो उघडताक्षणी दिसतो.

इथं एक गोष्ट मोकळेपणानं सांगितली पाहिजे. स्टॅबिलायझर तुमचा हात सावरतो, समोरचा पक्षी किंवा बैल नाही. उडता पक्षी, पळती जोडी, मातीतली पकड यांना १/१००० किंवा त्याहून जास्त स्पीड लागतोच, आणि त्या स्पीडला स्टॅबिलायझर असला काय, नसला काय, फारसा फरक पडत नाही. म्हणून तुम्ही फक्त भर दुपारच्या उन्हात शर्यतीच काढणार असता, तर ७५-३०० ला मी इतका ठाम नकार दिला नसता. तिथंसुद्धा ती ३०० च्या टोकाला पूर्ण उघडी असताना मऊ फोटो देते आणि एफ/८ वर आणल्यावर सुधारते, हे धरून चालावं लागलं असतं. पण तुमच्या यादीत तीन वेगवेगळी कामं आहेत आणि त्यातली दोन कमी उजेडाची आहेत.

आता ५० मिलिमीटरच्या फरकाबद्दल. दुकानात तीनशे ऐकल्यावर अडीचशे कमी वाटतं, पण हिशेब करून बघा. १२ मीटरवरच्या खंड्याचा ३०० ने जेवढा मोठा फोटो येतो, बरोबर तेवढाच २५० ने १० मीटरवरून येतो. फरक दोन मीटरचा, म्हणजे अडीच-तीन पावलांचा. तीन पावलं पुढं सरकता येतात. हललेला फोटो मात्र घरी आल्यावर कुठल्याही सॉफ्टवेअरनं धड सुधारत नाही.

पाय नेहमीच पुढं टाकता येतात असं मात्र नाही. भिलवडी, औदुंबर भागात कृष्णेत मगरी आहेत. हिवाळ्यात त्या वाळूवर, खडकावर ऊन खायला येतात. तिथं फोटोसाठी पाण्याच्या काठाला उतरायचं नाही, घाटाच्या वरच्या पायरीवरून किंवा पुलावरून मिळेल तेवढंच घ्यायचं. शर्यतीच्या मैदानातही तसंच. पळणारी जोडी रेषा सोडून कधी आत येईल ते सांगता येत नाही. अशा ठिकाणी अंतर राखूनच काम करायचं, मग हातात २५० असो की ३००.

मायणीच्या रोहितांबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण तिथं तुमची अपेक्षा सगळ्यात मोठी आहे आणि निराशाही तिथंच व्हायची शक्यता आहे. रोहित साधारण सव्वा-दीड मीटर उंचीचा पक्षी. तो उथळ पाण्यात मधोमध चरतो, काठावर येत नाही. समजा तो तुमच्यापासून २०० मीटरवर आहे. तुमच्या कॅमेऱ्यात २५० ने आडव्या फोटोची उंची तिथं साधारण १२ मीटर भरते, ३०० ने १० मीटर. म्हणजे पक्षी फोटोच्या उंचीचा एकदा साधारण नववा हिस्सा आणि एकदा सातवा-आठवा. दोन्हीतला एकही फोटो मासिकात दिसतो तसा पक्ष्याचा जवळचा फोटो होणार नाही. त्यासाठी ६०० मिलिमीटरची लेन्स लागते. तिचं वजन दोन किलोच्या आसपास जातं आणि किंमत तुमच्या बजेटच्या कितीतरी पट आहे.

मग काय करायचं? एकट्या पक्ष्याचा हट्ट सोडा आणि थवा काढा. पाण्यातलं प्रतिबिंब, मागची खटाव तालुक्याची उघडी माळरानं, पहिलं ऊन पडल्यावर गुलाबी होणारे पंख, हे सगळं एका चौकटीत घ्यायला २५० पुरते, उलट बऱ्याचदा १५० वर यावं लागतं. माझ्याकडं आता मोठी लेन्स आहे, तरी मायणीचा लोक सगळ्यात जास्त मागतात तो फोटो १३५ मिलिमीटरवर काढलेला आहे. थव्याला उडवायला दगड मारणारी, पाण्यात शिरणारी माणसं तिथं दिसतील. त्यांच्यात सामील होऊ नका. हे पक्षी खूप लांबून येतात आणि इथं त्यांचं काम पोट भरायचं आहे. शिवाय कुठल्या वर्षी ते मायणीला उतरतील, कुठल्या वर्षी येरळवाडीला, हे त्या वर्षीच्या पाण्यावर ठरतं. निघण्याआधी तिथल्या कुणाला तरी फोन करून विचारा.

दहा वाजल्यानंतर लांबचे फोटो काढू नका, हेही मायणीपुरतं खास सांगतो. माळ तापला की हवा थरथरते आणि शंभर-दोनशे मीटरवरची वस्तू पाण्यातून बघितल्यासारखी लहरते. ट्रायपॉड, स्टॅबिलायझर, महागडी काच, कशानंही ते जात नाही. बरेच जण यालाच लेन्सचा दोष समजतात आणि दुकानदाराशी भांडायला जातात.

शर्यतीसाठी ५५-२५० चं दुसरं टोक कामाला येतं. जोडी लांब असते तेव्हा २५०, आणि क्षणात ती समोर येते तेव्हा ५५. ७५-३०० मध्ये जवळचं टोकच ७५, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यावर १२० सारखं. निशाणाजवळ जोडी येईस्तोवर बैलांची शिंगं नाहीतर गाडीवान, काहीतरी चौकटीबाहेर गेलेलं असतं. १५००डी मध्ये फोकसचे नऊ बिंदू आहेत, पण त्यातला मधलाच खरा भरवशाचा. तोच निवडा, एआय सर्वो (हलत्या वस्तूवर फोकस सतत धरून ठेवणारा मोड) लावा, शटर १/१००० वर ठेवा आणि आयएसओ ऑटो करा. कॅमेरा सेकंदाला तीनच फोटो काढतो, म्हणून बटण दाबून धरण्यापेक्षा बैलांचे पुढचे पाय हवेत आले की दाबायचं, ही लय हाताला लागू द्या.

गॅदरिंगचा विचार मात्र वेगळा करा. शाळेच्या स्टेजवर रंगीत दिवे असतात आणि उजेड फार कमी. तिथं एफ/५.६ ची कुठलीही लेन्स धापा टाकते. नाचणाऱ्या मुलीला थांबवायला निदान १/२५० लागतो आणि तो मिळवायला आयएसओ ६४०० पर्यंत जावं लागतं. त्या कामासाठी कॅननची ५० मिलिमीटर एफ/१.८ एसटीएम घ्या. एफ/५.६ च्या तुलनेत ती जवळजवळ दहापट उजेड आत घेते. त्यात झूम नाही, म्हणून शिक्षकांना आधी सांगून पहिल्या रांगेच्या बाजूला जमिनीवर बसायची परवानगी काढा. मी कितीतरी गॅदरिंगं अशी खाली बसूनच केलीत. वापरलेली ५५-२५० स्वस्तात मिळाली तर उरलेल्या पैशांत ही लेन्स आत्ताच बसवता येते का ते बघा. नाही बसली तर जानेवारीपुरती कुणाकडून मागून आणा. सध्या टेलिफोटोनंच भागवायचं असेल, तर ५५ च्या टोकाला रहा. तिथं तोंड एफ/४ पर्यंत उघडतं. आणि नाचात मुली पोज घेऊन अर्धा क्षण थांबतात, ती जागा हेरा.

कासला जात असाल तर हीच लेन्स तिथंही चालेल. पायवाट सोडून फुलांत पाय टाकायचा नाही, हा नियम पाळायचा तर लांबून जवळचा फोटो देणारी लेन्सच हवी. ५५-२५० एसटीएम ८५ सेंटीमीटरवरून फोकस करते, ७५-३०० ला दीड मीटर लागतो. तेरड्याचं एक फूल बऱ्यापैकी मोठं काढता येतं. सीतेच्या आसवांसारखी बारीक फुलं तेवढी मोठी येणार नाहीत.

आता त्या वापरलेल्या लेन्सची तपासणी. यात घाई करू नका, माणूस ओळखीचा असला तरी करू नका. आपल्या भागात २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर ओल लागलेलं बरंच सामान हातोहात फिरलं. माझ्याकडं पुसून चकचकीत केलेल्या लेन्स आल्यात. आतल्या काचांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी होती. बाहेरून बघून ती कळत नाही. मोबाईलचा टॉर्च लेन्सच्या मागून तिरका मारा आणि पुढून बघा, मग उलटं करून बघा. धुळीचे दोन-चार कण असतील तर सोडून द्या, त्यानं फोटोत काही दिसत नाही. धागे, फांद्या फुटल्यासारखी नक्षी किंवा पांढुरका धुरकटपणा दिसला तर लेन्स परत द्या, किंमत निम्मी केली तरी. बुरशी साफ करायला लेन्स उघडावी लागते, तो खर्च आणि नंतरची खात्री दोन्ही परवडत नाहीत.

मग तुमच्याच कॅमेऱ्यावर लावा. लेन्सवर आयएस (कॅननचा स्टॅबिलायझर) चालू करून बटण अर्धं दाबा. व्ह्यूफाइंडरमधलं दृश्य क्षणभरात ठरल्यासारखं होतं आणि कान जवळ नेला तर बारीक गुणगुण ऐकू येते. खडखड आवाज आला किंवा दृश्य उड्या मारत असेल तर आयएस गेलेला आहे. झूमची रिंग ५५ पासून २५० पर्यंत सावकाश फिरवा, ती कुठं अडकता कामा नये. पुढचं फिल्टर लावायचं कडं बघा, ते चेपलेलं असेल तर लेन्स पडलेली आहे. मागचे सोनेरी संपर्क बिंदू स्वच्छ हवेत. फोकस रिंग कॅमेरा बंद असताना काहीच करत नाही, त्यानं घाबरू नका. एसटीएम लेन्समध्ये ती रिंग विजेवर चालते.

शेवटची परीक्षा वर्तमानपत्राची. पान भिंतीवर सपाट चिकटवा, तीन-चार मीटरवर कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा टेबलावर ठेवा, आयएस बंद करा, २५० वर एफ/५.६ ला दोन सेकंदांच्या टायमरनं फोटो घ्या. मग एफ/८ ला घ्या. पानाचे चारही कोपरे मोठे करून बघा. कोपरे मधल्यापेक्षा थोडे मऊ असणारच. पण डावीकडची अक्षरं स्पष्ट आणि उजवीकडची पसरलेली असतील, तर आतली काच तिरकी झालीय. अशी लेन्स घेऊ नका. हीच परीक्षा दुकानातल्या ७५-३०० वरही करून बघा. ३०० वर एफ/५.६ चा फोटो या फोटोशेजारी ठेवलात की मला जे सांगायचंय ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

लेन्सच्या नावाबाबतही सावध रहा. ५५-२५० च्या जुन्या आवृत्त्याही बाजारात फिरतात, त्यांच्यावर एसटीएम लिहिलेलं नसतं. त्यांतही स्टॅबिलायझर आहे आणि स्वस्तात मिळाल्या तर वाईट नाहीत. पण फोकस हळू, आवाज जास्त, आणि जवळचं अंतर १.१ मीटर. एसटीएमएवढी किंमत त्यांना देऊ नका.

तुमच्या मित्राकडं निकॉन आहे असंही लिहिलंय, म्हणून दोन शब्द. डी३५०० ला एएफ-पी डीएक्स ७०-३०० घ्यावी, पण ती दोन प्रकारांत येते, व्हीआर (निकॉनचा स्टॅबिलायझर) असलेली आणि नसलेली, आणि दिसायला दोन्ही सारख्याच. नावात व्हीआर वाचूनच पैसे द्यायचे. त्याचा कॅमेरा डी३१००, डी३२०० सारखा जुना असेल तर एएफ-पी लेन्स त्यावर फोकसच करत नाही. त्यानं एएफ-एस प्रकारातली व्हीआर लेन्स शोधावी.

ऑनलाइन जाहिरातीत दिसणारी ४२०-८०० मिलिमीटरची नळी, लेन्सच्या पुढं स्क्रूनं बसवायचे भिंग, दुप्पट करणारा कन्व्हर्टर, यांपैकी काहीही घेऊ नका. दुप्पट कन्व्हर्टरनं एफ/५.६ चं एफ/११ होतं आणि तुमचा कॅमेरा फोकस करायचं सोडून देतो. स्वस्त यूव्ही फिल्टरही लावू नका. टेलिफोटोवर त्यानं फोटो मऊ होतो. त्याऐवजी हूड घ्या. उन्हाची तिरीप अडवतो आणि लेन्स कुठं आपटली तर मार तोच खातो. तुमच्या १८-५५ ला ५८ मिलिमीटरचं झाकण बसत असेल तर तेच या लेन्सलाही बसेल, दोन्हीचा व्यास एकच आहे.

घेतल्यावर लगेच मायणीला पळू नका. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला घारी, कोतवाल, वेडे राघू भरपूर आहेत. आठवडाभर रोज सकाळी अर्धा तास तिथं जा. डावा तळवा लेन्सच्या खाली, कोपर छातीला टेकलेलं, श्वास सोडून बटण. एकच बसलेला पक्षी १/१००, १/२०० आणि १/४०० वर प्रत्येकी दहा वेळा काढा आणि कॉम्प्युटरवर पूर्ण मोठा करून मोजा, किती स्पष्ट आले. तुमच्या हाताचा खरा आकडा त्यातून कळेल, आणि मायणीला तळ्याकाठी उभं राहिल्यावर शटर कितीवर ठेवायचा हा विचार करावा लागणार नाही.

त्या माणसाकडं जाताना कॅमेरा पूर्ण चार्ज करून, रिकामं कार्ड आणि कालचं वर्तमानपत्र घेऊन जा. २५० वर एफ/५.६ चा पानाचा फोटो पैसे देण्याआधी मला पाठवा. मी कोपरे बघून लगेच सांगतो.